तुटक चित्रणातील सांधा

चित्रपट पाहताना एक गोष्ट आपण सहसा विसरून जातो. पडद्यावर जे सलग घडताना दिसते ते मुळात सलग घडलेले नसते. नायिका उंबरठा ओलांडते तो क्षण एका दिवशी टिपलेला असतो, आणि अंगणात तिचे दुसरे पाऊल पडते तो क्षण कदाचित महिन्याने, दुसऱ्याच गावी. या दोन तुकड्यांमधली फट प्रेक्षकास दिसू नये म्हणून जी खबरदारी घ्यावी लागते, तिला धंद्यातील मंडळी ‘कंटिन्युइटी’ म्हणतात. आपण तिला दृश्यसलगता म्हणू. मोठ्या चित्रसंस्थांत या कामी स्वतंत्र माणूस नेमलेला असतो. हौशी मंडळींत असा कोणी नसतो, आणि मग दाराच्या अलीकडे निळा असलेला नायकाचा सदरा पलीकडे पांढरा होतो.

मी या धंद्यातला नव्हे. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातील एका प्राथमिक शाळेवर उभी हयात घालवून निवृत्त झालेला मी एक मॅट्रिक मास्तर. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी शाळेतील मुलांनी मोबाइलवर दहा मिनिटांचा चित्रपट करावयाचे मनात घेतले आणि मला वडीलकीच्या नात्याने त्यात ओढले. त्या उपद्व्यापात जे शिकलो, ते आपणांस सांगावे असे वाटते.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा तेही या कलेत नवखेच होते. भांडवल देणाऱ्यास काही करून दाखवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि ठरावीक अंतराने रोपाचे एकेक चित्र घेत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटाभरात घडली. या प्रयोगाचे सारे मर्म कॅमेरा न हलण्यात आहे. मध्येच कोणी झाडलोट करताना कुंडी उचलून बोटभर सरकवून ठेवली असती, तर रोप वाढण्याऐवजी उडी मारताना दिसले असते! पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. माणूस एकच, पण वस्त्रे आणि आभूषणे ज्याची त्याला नेमाने दिली की प्रेक्षक दोन माणसे मानावयास तयार होतो. याच्या उलट, एकाच माणसाच्या अंगावरचे वस्त्र चुकले की त्याची दोन माणसे होतात.

आता नियमांकडे वळू. पहिला नियम दिशेचा. मुलगा पडद्यावर डावीकडून उजवीकडे धावत निघाला, तर पुढच्या तुकड्यातही त्याने तसेच धावले पाहिजे. उजवीकडून डावीकडे आला, तर तो परत फिरला असे वाटते. दोघे समोरासमोर बसून बोलत असतील, तर त्यांच्यामध्ये एक रेघ ओढली आहे असे समजावे आणि कॅमेऱ्याने ती रेघ ओलांडू नये. आजी चुलीपाशी उजवीकडे बघत आहे आणि नातू डावीकडे बघत आहे, एवढे सांभाळले तर ती दोघे एकमेकांकडे बघत आहेत असे दिसते. मग आजीचे चित्रण सोमवारी आणि नातवाचे गुरुवारी झाले असले तरी बिघडत नाही. दुसरा नियम क्रियेचा. सांधा शक्यतो हालचालीच्या मध्ये घ्यावा. मनुष्य बसत असतानाच दुसरा तुकडा जोडला की डोळा बसण्याकडे लागतो, सांध्याकडे लागत नाही.

उरलेले सारे काम वहीचे. प्रत्येक तुकड्यापुढे लिहावे: पात्राने काय घातले होते, गुंड्या किती लावल्या होत्या, तांब्या कोणत्या हातात होता, ऊन कोठून होते. भोवतालही लिहावा. आमच्या बीडचे कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. तेथे चित्रण केले, तर पाणी भिंतीला कोठवर लागले होते याची खूण हवी, कारण पावसाळ्यानंतरचे पाणी वैशाखात मिळत नाही. आमची वही सातवीतील एक मुलगी ठेवीत असे. तिचे अक्षर माझ्याहून चांगले होते.

आमची कथा साधी होती. एका मुलाचे करडू डोंगरात हरवते आणि तो ते शोधून आणतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निम्मे चित्रण झाले. डोंगर हिरवागार होता. दिवाळीपूर्वी मुकादमाचा ट्रक आला आणि आमचा नायक आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला. उचल घेतलेली होती, तेव्हा थांबा म्हणण्याचा अधिकार कोणास नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत दर हंगामाला पटावरची नावे अशी गळताना मी पाहिली होती, आणि तरीही चित्रपटाचे वेळापत्रक आखताना मला त्याची आठवण राहिली नाही. जाण्यापूर्वी मुलाचा सदरा मात्र मागून घेतला व कपाटात ठेवला.

कार्तिकात मला एक शक्कल सुचली. त्याच चणीच्या दुसऱ्या मुलास तो सदरा घालून पाठमोरे चित्रण उरकले. सांधा बेमालूम बसला आणि मी स्वतःवर खूश झालो.

पाडव्यानंतर टोळी परतली. मुलगा शाळेत आला तो बोटभर उंच, रापलेला, केस बारीक कापलेले आणि डाव्या तर्जनीवर कोयत्याचा व्रण घेऊन. त्यास हौसेने चित्रण दाखवले. तो शेवटपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, ह्यो मी न्हाई.”

माझ्या बेमालूम सांध्याची अशी वाट लागली. मुलांनी ठरवले की पाठमोरे तुकडे काढून टाकावयाचे आणि तेच प्रवेश पुन्हा त्याच्यावर घ्यावयाचे. परंतु एप्रिलात ऑक्टोबर आणावयाचा कोठून? मी पाटीवर हिशेब मांडला. बीडचे अक्षांश सुमारे १९. साडेचार फूट उंचीच्या मुलाची मध्यान्हीची सावली ऑक्टोबरच्या आरंभी सुमारे दोन फूट पडते, एप्रिलच्या मध्यास अवघी नऊ इंच. एप्रिलात सकाळी अकराच्या सुमारास चित्रण केले तर दोन फुटांची सावली मिळते खरी, पण ती पश्चिमेकडे पडते आणि ऑक्टोबरातील मध्यान्हीची उत्तरेकडे. मुलास व कॅमेऱ्यास त्या मानाने फिरवावे, तर मागचा डोंगर बदलतो. डोंगर तर करपून पिवळा झालेला. आणि करडाची एव्हाना शेळी झालेली!

तेव्हा वही ठेवणारी मुलगी म्हणाली, “गुरुजी, तो गेला होता हेच दाखवू की.” कथा बदलली. करडू सापडत नाही, ट्रक येतो, मुलगा जातो. परत येतो तेव्हा आजीच्या दावणीला शेळी उभी असते. जाणाऱ्या ट्रकचे चित्रण आमच्याजवळ नव्हते. कर्नाटकाकडून उशिरा परतणाऱ्या एका टोळीचा ट्रक फाट्यावर थांबला, त्याचे घेतले. मागच्या बाजूने टिपल्यामुळे तो येत आहे की जात आहे हे कळत नाही. दिशेचा नियम असा मोडूनही उपयोगी पडतो. त्यानंतर कोरा पडदा, आणि एकदम पिवळा डोंगर. सदरा तोच घातला. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या, त्या तशाच राहू दिल्या.

शाळेच्या भिंतीवर चादर लावून चित्रपट दाखवला. करडाच्या गळ्यात लाल दोरी होती, शेळीच्या गळ्यात नव्हती. वहीत नोंद असूनही हे आम्हा सर्वांच्या नजरेतून सुटले. पहिल्या रांगेतील एका बालवाडीच्या पोरीने ते मोठ्याने सांगितले.