एका वर्गाचे दोन शिक्षक

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय अपंगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलास नजीकच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिल्यामुळे, गोखिवऱ्यासारख्या कारखानदारीच्या गावी कामगाराच्या कर्णबधिर मुलीस घरालगतच्या मान्यताप्राप्त शाळेला अपंगत्वापायी दाखल करून घेण्याचे नाकारता येत नाही. परंतु प्रवेश म्हणजे अध्यापन नव्हे. वर्गशिक्षक फळ्यावर अपूर्णांक मांडीत असता विशेष शिक्षकाने तेच कागदाच्या घड्यांनी सर्वच मुलांना उलगडून दाखवावे, हे खरे सहअध्यापन. त्या एकटीस कोपऱ्यात निराळे बसविणे ही, माझ्या मते, सभ्य हकालपट्टीच होय. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकास अनेक शाळा फिराव्या लागत असल्याने, त्याच्या गैरहजेरीतही पाठ चालावा म्हणून दोघांनी टाचण आधी मिळून करणे अगत्याचे असते.