उत्तर कोलकात्याची मिठाई-फेरी : एका घासामागची दूध, गूळ आणि वेळेची साखळी

कोलकाता : जुन्या शहरांतून मार्गदर्शकासोबत पायी हिंडण्याची आणि वाटेत तेथील खास पदार्थ चाखण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत देशातील अनेक शहरांत रुजली आहे. दिल्लीतील चांदनी चौक, वाराणसीच्या गल्ल्या, लखनौचा चौक येथे अशा फेऱ्या निघतात. केवळ गोड पदार्थांच्या आधारे शहर समजून घ्यायचे असेल, तर मात्र उत्तर कोलकात्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. बागबाजारपासून बहूबाजारपर्यंतचे अंतर चार-साडेचार किलोमीटरचे आहे. रमतगमत, थांबत, ऐकत गेल्यास सकाळचे तीन तास पुरतात. या टप्प्यात दोनशे वर्षांचा मिठाईचा इतिहास पसरलेला आहे.

या फेरीचे कारणही मिठाईतच दडलेले आहे. बंगालची ओळख असलेल्या बहुतेक मिठाया छेन्याच्या असतात आणि छेना फार काळ टिकत नाही. सोलापूर किंवा साताऱ्याहून निघालेला पेढा आठवडाभराने दिल्लीच्या नातेवाइकांकडे पोहोचू शकतो. सकाळी केलेला मऊ संदेश मात्र दुसऱ्या दिवशी तसा राहत नाही. त्यामुळे ही मिठाई गल्लीतच तयार झाली आणि गल्लीतच खाल्ली गेली. ती तिच्या खऱ्या चवीत हवी असेल, तर खाणाऱ्याने तिच्यापर्यंत चालत जावे लागते.

सुरुवात मराठ्यांच्या खंदकापासून

बागबाजार हा शहराच्या उत्तर टोकाचा, हुगळीकाठचा जुना भाग आहे. मराठी वाचकाला येथे एक अनपेक्षित पाटी भेटते : मराठा डिच लेन. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी १७४२ पासून बंगालवर स्वाऱ्या सुरू केल्या, तेव्हा घाबरलेल्या कोलकातावासीयांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीने शहराभोवती खंदक खणण्यास प्रारंभ केला. मराठी फौज कोलकात्यापर्यंत आलीच नाही आणि खंदकही पूर्ण झाला नाही. पुढे १७९९ च्या सुमारास त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रोड तयार करण्यात आला.

मराठी ‘बारगीर’ शब्दावरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली अंगाईगीतांत भीतीचा शब्द म्हणून उरला. चांगला मार्गदर्शक ही गोष्ट टाळत नाही. या स्वाऱ्यांच्या काळात पश्चिमेकडील गावांतून अनेक कुटुंबे भागीरथी ओलांडून पूर्वेला आली आणि कंपनीच्या वसाहतीकडेही आश्रयासाठी वळली. पुढे वाढत गेलेल्या या शहरात व्यापारी, जमीनदार, कारकून आणि कारागीर एकाच वस्तीत राहू लागले आणि त्यांच्या सणसमारंभांसाठी मिठाईची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

दूध फाडण्याची कला

छेना म्हणजे तापवलेले दूध आंबट पदार्थ घालून फाडल्यावर निवळीपासून वेगळा होणारा मऊ चोथा. बंगालीत त्याला ‘छाना’ म्हणतात. हाच चोथा वजनाखाली दाबून घट्ट केला की त्याचे पनीर होते. महाराष्ट्रातील पेढा, बर्फी आणि कंदी या मिठाया दूध आटवून केलेल्या खव्याच्या आहेत. आटवण्याने पाणी निघून जाते आणि पदार्थ टिकतो. छेन्यात पाण्याचा अंश बराच राहतो. म्हणून तो नाजूक, आणि म्हणूनच लवकर बिघडणारा.

फाडलेले दूध हिंदू आचारात अनेक ठिकाणी नासलेले, म्हणून नैवेद्याला वर्ज्य मानले जाई. मग बंगालने ते कसे स्वीकारले? खाद्येतिहासकार के. टी. अचया यांच्यासह काही अभ्यासकांनी हुगळीकाठच्या पोर्तुगीज वस्त्यांकडे आणि त्यांच्या चीज करण्याच्या सवयीकडे बोट दाखवले आहे. हे मत सर्वमान्य नाही. छेन्याची परंपरा आपल्याकडे त्याहून जुनी असल्याचे ओडिशातील अभ्यासक सांगतात.

दुधाचा प्रकारही येथे महत्त्वाचा ठरतो. म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट आणि किंचित चिवट होतो. गाईच्या दुधाचा मऊ आणि एकजीव. रसगुल्ल्यासाठी कारागीर गाईच्या दुधाचा छेना तळहाताने मळून गुळगुळीत करतात, त्याच्या गोळ्या वळतात आणि उकळत्या पातळ पाकात सोडतात. आतल्या पाण्याची वाफ होऊन गोळा फुगतो, प्रथिनांचे जाळे त्याला फुटू देत नाही, आणि त्या पोकळ्यांत पाक शिरतो. मळणी कमी पडली तर गोळा पाकात विरघळतो, पाक दाट झाला तर तो फुगत नाही. ही जाण हाताला येण्यास वर्षे लागतात. बंगालीत या कारागिराला ‘मोयरा’ म्हणतात.

रसगुल्ला कोणाचा?

बागबाजारचे नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये पांढरा, जाळीदार रसगुल्ला सिद्ध केला, अशी बंगालमधील प्रचलित मांडणी आहे. त्यांचे पुत्र कृष्णचंद्र यांच्या नावाने १९३० मध्ये ‘के. सी. दास’ ही पेढी सुरू झाली आणि हवाबंद डब्यातून रसगुल्ला दूरवर जाऊ लागला. मिठाईच्या अल्पायुष्यावर शोधलेला तो पहिला मोठा उपाय होता. देशभरातील बहुसंख्य मराठी घरांना रसगुल्ला प्रथम भेटला तो अशा डब्यातूनच. डब्यातील आणि कढईतून नुकत्याच निघालेल्या रसगुल्ल्यात किती अंतर असते, हे या फेरीतील पहिल्या थांब्यावरच कळते.

ओडिशाचा दावा वेगळा आहे. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात रथयात्रेच्या समाप्तीला, नीलाद्री बिजेच्या दिवशी, लक्ष्मीला रसगोला अर्पण करण्याची प्रथा आहे. बलराम दास यांच्या पंधराव्या शतकातील उडिया रामायणात रसगोल्याचा उल्लेख असल्याचेही सांगितले जाते.

‘बांगलार रसोगोल्ला’ला १४ नोव्हेंबर २०१७ रोजी भौगोलिक मानांकन मिळाले, तर ‘ओडिशा रसगोला’ला २९ जुलै २०१९ रोजी. दोघांनाही मानांकन कसे मिळाले, हा प्रश्न फेरीत हमखास विचारला जातो. भौगोलिक मानांकन ‘शोध कोणी लावला’ याचा निवाडा करीत नाही. एखाद्या प्रदेशातील विशिष्ट पद्धतीचे, विशिष्ट गुणांचे उत्पादन त्या नावाने विकण्याचा हक्क ते त्या प्रदेशातील उत्पादकांपुरता राखते. बंगालचा रसगुल्ला शुभ्र आणि लवचीक असतो. ओडिशाचा अधिक मऊ आणि अनेकदा फिकट तपकिरी. नोंदीच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत आणि दोन्ही राज्यांचा अभिमान एकाच वेळी टिकू शकतो.

निरोप पोहोचवणारी मिठाई

बागबाजारहून दक्षिणेकडे येताना हेदुआजवळ, रामदुलाल सरकार स्ट्रीटवर, १८४४ पासूनचे गिरीशचंद्र दे आणि नकुरचंद्र नंदी यांचे दुकान लागते. ते संदेशासाठी प्रसिद्ध आहे. छेना आणि साखर किंवा गूळ मंद आचेवर परतून संदेश होतो. थोडा परतलेला तो ‘नरम पाक’, अधिक परतलेला ‘कडा पाक’. नरम पाक त्याच दिवशी खावा. कडा पाक काही दिवस राहतो, म्हणून प्रवासाला तोच दिला जाई.

‘संदेश’ शब्दाचा अर्थ मराठीतही तोच आहे. नातेवाइकांकडे निरोप घेऊन जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये, या रीतीशी या नावाचा संबंध जोडला जातो. लग्नात वर आणि वधू पक्षांत जी भेटीची ताटे जातात, त्यांना बंगालीत ‘तत्त्व’ म्हणतात. त्यांत माशाच्या, शंखाच्या आकाराचे संदेश असतात. त्यासाठी लागणारे लाकडी साचे हाताने कोरले जातात. मोदकाचा साचा जपणाऱ्या मराठी माणसाला या साच्यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

फेरीच्या शेवटी बहूबाजारात भीमचंद्र नाग यांचे दुकान येते. त्याची स्थापना १८२६ ची सांगितली जाते. ‘कुक अँड केल्वी’ या इंग्रजी पेढीचे, पण तबकडीवर बंगाली आकडे असलेले घड्याळ ही या दुकानाची खूण आहे. लेडीकेनी या मिठाईचे नावही येथेच समजते. छेन्याचा गोळा तळून पाकात मुरवलेली ही मिठाई गव्हर्नर जनरल कॅनिंग यांच्या पत्नी शार्लट यांच्या नावावरून ओळखली जाते. ‘लेडी कॅनिंग’चे बंगाली जिभेवर ‘लेडीकेनी’ झाले. १८६१ मध्ये कोलकात्यातच त्यांचे निधन झाले. मिठाई प्रथम कोणत्या प्रसंगी झाली, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. नाव मात्र दीडशेहून अधिक वर्षे टिकले.

हिवाळ्याचा गूळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात फेरी केल्यास तिची चवच बदलते. तेव्हा संदेश, रसगुल्ला आणि पायस यांत साखरेऐवजी ‘नोलेन गूर’, म्हणजे खजुरीच्या रसाचा नवा गूळ, पडतो. हे झाड मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. महाराष्ट्रात त्याला शिंदी म्हणतात आणि नीरा व ताडीसाठी ओळखतात.

बंगालमध्ये ‘शिउली’ नावाने ओळखले जाणारे कारागीर संध्याकाळी झाडावर चढून खाच पाडतात आणि मडके बांधतात. थंड रात्री रस ठिबकतो. उजाडण्यापूर्वी तो उतरवून लगेच आटवावा लागतो, कारण ऊन वाढले की तो आंबू लागतो. थंडी पुरेशी पडली नाही तर रसाचा कस उतरतो. झाडे तोडली जाणे, जोखमीच्या कामाकडे तरुणांनी पाठ फिरवणे आणि स्वस्त साखर मिसळलेल्या गुळाची स्पर्धा, यांमुळे हा व्यवसाय आक्रसत चालला आहे. नोलेन गुळाच्या संदेशाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नावाचे रक्षण करते. झाडावर चढणारा माणूस टिकवण्यासाठी त्याला गुळाचा योग्य भावच मिळावा लागतो.

दोनदा तुटलेली साखळी

ही साखळी किती नाजूक आहे, हे दोन प्रसंगांनी दाखवले. १९६५ मध्ये दुधाची टंचाई असताना मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठायांवर निर्बंध आणले. दूध आधी मुलांना आणि रुग्णांना मिळावे, हा त्यामागचा विचार होता. हेतू समजण्यासारखा असला, तरी हजारो कारागिरांच्या हातांचे काम गेले आणि शहराच्या रोजच्या जीवनावर घाव बसल्याची भावना पसरली. १९६७ च्या निवडणुकीत सेन यांचा पराभव झाला. त्याची मुख्य कारणे अन्नटंचाईत होती. तरी मिठाईबंदीची आठवण बंगालमध्ये अजून काढली जाते.

मार्च २०२० मध्ये नेमके उलटे घडले. टाळेबंदीत मिठाईची दुकाने बंद झाली आणि छेन्यासाठी जाणाऱ्या दुधाला गिऱ्हाईक उरले नाही. दूध ओतून देण्याची वेळ उत्पादकांवर आली. अखेर ३१ मार्चपासून रोज दुपारी बारा ते चार या वेळेत मिठाईची दुकाने उघडण्यास राज्य सरकारने परवानगी दिली. देशभर बहुतांश व्यवहार थांबलेले असताना मिठाईला मिळालेली ही सवलत अनेकांना विनोदी वाटली. तिच्यामागे गोठ्यातील गाय होती, हे दुधाचा हिशेब ठाऊक असलेल्यांनाच उमगले.

फेरी निवडताना

उत्तम फेरीची कसोटी किती पदार्थ चाखले ही नसते. तीन तासांत पाच-सहा थांबे पुरेसे असतात. प्रत्येक ठिकाणी अर्धा नग वाटून घेतला तर शेवटच्या दुकानापर्यंत जीभ जागी राहते. छेना कोठून येतो, गूळ कोणत्या महिन्याचा आहे, कारागीर किती पिढ्यांपासून आहेत, हे सांगू शकणारा मार्गदर्शक निवडावा. मधुमेह असलेल्यांनी आणि दूध न सोसणाऱ्यांनी आधीच कल्पना द्यावी. भट्टीपाशी काम करणाऱ्यांची छायाचित्रे त्यांना विचारूनच घ्यावीत.

सुट्या मिठाईवर ‘कोणत्या तारखेपर्यंत खावी’ हे लिहिणे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक केले आहे. रसगुल्ल्यासारख्या छेन्याच्या मिठाया दोन दिवसांच्या आत खाव्यात, असे प्राधिकरणाचे मार्गदर्शन आहे. घरी नेण्यासाठी म्हणूनच कडा पाकाचा संदेश घ्यावा आणि नरम पाक दुकानासमोर उभ्याउभ्याच संपवावा.

फेरीचे शुल्क मार्गदर्शकाला मिळते. दुकानाच्या वाट्याला येते ते अर्ध्या नगाचे मोल. फेरी संपल्यावर मागे वळून पाव किलो मिठाई विकत घेतली, तर तो पैसा मोयरा, गवळी आणि शिउली यांच्यापर्यंत जाण्याची शक्यता निर्माण होते. ज्या पदार्थाला दुसरा दिवस नाही, त्याला रोज नवे गिऱ्हाईक लागते.