निद्रा न लाभलेली लेकरे

भोपाळ शहरात नोकरीनिमित्त वसलेल्या मराठी कुटुंबांत काय किंवा आपल्या गावांत काय, ज्या घरी स्वमग्न मूल आहे, त्या घरची रात्र निराळी असते. शेजारपाजार निजतो आणि हे लेकरू अंथरुणात उठून बसते. कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी आईच्या लाडाला दोष देते. वाचकहो, ही दोन्ही मते टाकून द्यावीत.

१९४३ साली बाल्टिमोर येथील वैद्य लिओ कॅनर ह्यांनी ११ मुलांच्या वर्तनावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना निद्रेचा त्रास असतो आणि पुष्कळांचा तो मोठेपणीही सरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. अंधार पडला की मेंदूतील एक चिमुकली ग्रंथी मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते व देहाला रात्र झाल्याची वर्दी देते. काही स्वमग्न मुलांत हा स्राव अल्प असतो किंवा उशिरा होतो. शिवाय त्यांची इंद्रिये अतिशय तीव्र असतात. पंख्याची घरघर किंवा सदऱ्याची टोचणारी शिवणही त्यांना जागे ठेवते. मग लग्नसराईतील कर्ण्यांविषयी काय बोलावे! रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० सालीच झाले आहेत, परंतु आपल्याच मांडवात त्यांची आठवण कुणाला राहते?

प्रथम देहाकडे पाहावे. बद्धकोष्ठ, छातीतील जळजळ, दातदुखी, फेफरे, घोरताना अडकणारा श्वास, तसेच लोहाच्या कमतरतेने पायांची होणारी तळमळ, ही सारी झोप मोडणारी कारणे होत. आणि ज्या मुलाला बोलता येत नाही, ते आपले दुखणे सांगणार कसे? म्हणून दोन आठवडे निजण्या-उठण्याच्या वेळा वहीत टिपून ती वही वैद्यांना दाखवावी. भोपाळच्या एम्समध्ये बालरोग व मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत.

त्यानंतर संध्याकाळ बांधून घ्यावी. चहा नको, मोबाईल नको, दिवे मंद. स्नान, जेवण, प्रार्थना, अंथरूण अशी हाताने काढलेली चित्रे भिंतीवर क्रमाने लावावीत. कारण ह्या मुलांना शब्दापेक्षा चित्र लवकर उमगते. मूल ११ वाजता झोपत असेल तर ९ पासून त्याच्याशी झुंजू नये. आधी ११ लाच निजवावे, मग काही दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे यावे. उठण्याची वेळ मात्र रोज एकच. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साने ही घडी विस्कटत असेल, तर अशा कुटुंबाने खुशाल सकाळी यावे.

एवढ्याने न भागल्यास औषध. २०२० साली अमेरिकेतील मज्जातज्ज्ञांच्या अकादमीने हाच क्रम सांगितला: आधी सवयी, मग मेलाटोनिन. तेही वैद्यांनी ठरविलेल्या मात्रेत व वेळी. खोकल्याचे गुंगी आणणारे औषध किंवा आजोबांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देण्याची चाल काही घरांत आहे. ती धोक्याची आहे.

रात्री गॅसची कळ बंद असावी, बाहेरच्या दाराची कडी उंचावर असावी. आणि आईची झोप हीसुद्धा उपचाराचाच भाग समजावी. शनिवारची रात्र वडिलांनी लेकरापाशी काढावी, आईने दुसऱ्या खोलीत निजावे. रविवारी ती पहिल्या मिस्साऐवजी दुसऱ्या मिस्साला आली तरी चालेल.