तुकड्यांचे कोडे

गेल्या उन्हाळ्यात परभणीस आमच्या ओसरीवर मुलांनी तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचे एक कोडे मांडले. चित्र होते सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या, विभागणीच्या बेतात असलेल्या मानवी पेशीचे. रंगसूत्रे सांडलेल्या काड्यांप्रमाणे पसरलेली. धाकट्याने एक तुकडा बळेच दडपला. कारण विचारता म्हणाला, "दादानेच सांगितले!"

आम्ही रागावलो नाही, कारण विद्वानांचेही असेच झाले होते. १९२३ साली पेंटर ह्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने मनुष्याची रंगसूत्रे ४८ ठरविली. पुढे तीसहून अधिक वर्षे तोच आकडा पाठ्यपुस्तकांत राहिला. स्वीडनमधील काही संशोधकांना यकृताच्या पेशींत ४६च आढळली, तेव्हा त्यांनी ते काम बाजूस ठेविले! अखेर त्याच देशात लुंड येथे त्जिओ व लेवान ह्यांनी सौम्य द्रवात पेशी फुगवून गुंतलेली सूत्रे विलग केली, आणि १९५६ साली ४६ हा आकडा प्रसिद्ध केला. पुढे छायाचित्रातील सूत्रे कात्रीने कापून त्यांच्या २३ जोड्या लावण्याची रीत पडली; तेही कोडेच.

"बाळ, दादाचे अवश्य ऐकावे," आम्ही म्हणालो, "पण तुकडा बसतो की नाही, हे आपल्या बोटांनी पाहावे."

त्याने तुकडा उचलला. तिन्हीसांजेस चित्र पुरे झाले, तेव्हा सूत्रे त्यानेच मोजली, दोनदा.