चाचणीचं सेटिंग चालूच राहिलं तर? वेबसाइटचं दार उघडं, आपली माहिती धोक्यात

पतसंस्थेचं ॲप, दूध संघाची वेबसाइट, ऑनलाइन पाणीपट्टी... गावातली बरीच कामं आता मोबाईलवर होतात. आपलं नाव, आधार क्रमांक, बँक खातं अशी माहिती या सॉफ्टवेअरमध्ये साठलेली असते. ते तयार करताना वापरलेलं एखादं सेटिंग बंद करायचं राहून गेलं, तर ही माहिती परक्याच्या हाती लागू शकते.

डीबग मोड म्हणजे काय?

घर बांधताना परांची लागते. पण घर झाल्यावर ती तशीच ठेवली, तर चोर तिच्यावरूनच वर चढेल. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. ते बनवताना चूक नेमकी कुठे झाली, हे दाखवणारा ‘डीबग मोड’ चालू ठेवतात. बिघाड झाला की आतल्या फायलींची नावं, प्रोग्रामच्या ओळी, कधी कधी पासवर्डसुद्धा स्क्रीनवर दिसतात. काही प्रकारांत तर त्याच पानावरून सर्व्हरला हुकूमही देता येतो. बनवणाऱ्याला ही सोय असते, पण वेबसाइट लोकांसाठी खुली झाल्यावर तोच धोका ठरतो.

असं कुठे घडलंय का?

हो, आणि फार पूर्वीपासून. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. अंदाजे ६ हजार कॉम्प्युटर त्यात अडकले. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक होती ‘सेंडमेल’ या ईमेल सॉफ्टवेअरमध्ये चालू राहिलेला डीबग मोड. २०१५ मध्ये ‘पॅट्रिऑन’ या अमेरिकी वेबसाइटचंही तसंच झालं. तिची डीबगची आवृत्ती सर्वांना उघडी होती. तिथून शिरलेल्यांनी २३ लाखांहून जास्त ईमेल पत्ते आणि इतर माहिती बाहेर टाकली.

फक्त डीबगच नाही

चाचणीसाठी ‘१२३४५६’ असा ठरलेला ओटीपी ठेवला आणि तो काढायचा राहिला, तर कुणीही कुणाच्याही खात्यात शिरेल. पेमेंटलाही ‘चाचणी’ आणि ‘खरा’ असे दोन मोड असतात. चाचणी मोड चालू राहिला, तर पैसे भरल्याची पावती दिसेल, पण संस्थेच्या खात्यात रुपयाही जमा होणार नाही.

संस्थांनी काय विचारावं?

सॉफ्टवेअर ताब्यात घेताना आणि पुढे प्रत्येक अपडेटनंतर संचालक, सचिव, ग्रामसेवक यांनी कंपनीला हे प्रश्न विचारावेत:

• डीबग मोड बंद आहे का? तो आपोआप तपासण्याची सोय आहे का? (‘जँगो’सारख्या प्रणालीत अशी तपासणी एका कमांडने होते.)
• चाचणीची खाती, ओटीपी आणि सुरुवातीचे पासवर्ड काढले का?
• चाचणीची वेबसाइट बाहेरून उघडते का?

एक सोपी परीक्षा कुणालाही करता येते. वेबसाइटच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन काहीतरी चुकीचं टाइप करा. ‘पान सापडलं नाही’ एवढंच आलं तर ठीक. फायलींच्या नावांची लांबलचक इंग्रजी यादी आली, तर काहीतरी चुकलंय.

तुम्हाला असं पान दिसलं तर?

• स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यात पासवर्ड असू शकतो.
• तो फक्त संस्थेच्या जबाबदार माणसाला दाखवा.
• पुढे काय होतं हे बघायला त्या पानावर बटणं दाबत बसू नका.
• दुरुस्ती होईपर्यंत तिथे माहिती किंवा पैसे भरू नका.
• खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

स्वतःचा मोबाईलही तपासा

ॲन्ड्रॉइड फोनमध्येही असंच सेटिंग असतं. सेटिंग्जमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ शोधा. दिसलं आणि त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू असेल, तर ते बंद करा. ते चालू असेल आणि फोनवर आलेली परवानगी न वाचता दिली, तर केबलने जोडलेला कॉम्प्युटर तुमच्या फोनमध्ये ॲपसुद्धा टाकू शकतो. रोजच्या वापराला या सेटिंगची गरज नसते. फोन दुरुस्तीला दिला असेल, तर परत घेताना दुकानातच एकदा तपासून घ्या.