अवचित आलेले भाडे कुणाचे?

एप्रिल २०१८. कावेरीच्या पाण्यावरून चेन्नई तापली होती. १० तारखेला चेपॉकवर आयपीएलचा सामना सुरू असताना मैदानात बूट भिरकावला गेला. पुढच्या सामन्यांना बंदोबस्त देणे पोलिसांना अवघड वाटू लागले आणि चेन्नई सुपर किंग्जचे उरलेले सहा घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमकडे आले. धोनीच्या संघामागोमाग चाहत्यांनी भरलेली एक खास रेल्वेगाडीही चेन्नईहून पुण्यात दाखल झाली. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात या सहा सामन्यांना जागा असणे शक्यच नव्हते.

त्याच स्टेडियमच्या दाराशी तीन महिन्यांपूर्वी बँका येऊन गेल्या होत्या. बँक ऑफ महाराष्ट्र आणि तिच्यासोबतच्या बँकांनी सुमारे ६९ कोटी ५३ लाखांच्या थकबाकीपोटी जानेवारी २०१८ मध्ये स्टेडियमचा सांकेतिक ताबा घेतला होता. स्टेडियमला सहारा समूहाचे नाव देण्याच्या बदल्यात येणाऱ्या दोनशेहून अधिक कोटींचा भरवसा संघटनेने धरला होता. पैसे वेळेवर आले नाहीत, वाद झाला आणि २०१३ मध्ये सहाराचे नाव उतरवावे लागले. इमारत देखणी होती, जगभर नावाजलेल्या वास्तुरचनाकारांच्या कार्यालयाने आखलेली. कर्जाचे हप्ते मात्र संघटनेच्या गळ्यात राहिले.

घरचे मैदान सुटलेला संघ येतो आणि यजमान संघटनेला सामन्यामागे ठरलेली रक्कम मिळते. प्रश्न उरतो तो या रकमेचे काय करायचे, हा. संघटनांच्या बैठकांत त्याची उत्तरे लगेच तयार असतात: नवा पॅव्हेलियन, पदाधिकाऱ्यांसाठी सजवलेला कक्ष, सदस्यांसाठी क्लब. एकदाच आलेल्या पैशातून दरवर्षी खर्च मागणारी वस्तू उभी करणे ही यातली सर्वांत महाग चूक.

कारण असा पैसा आला तसा जातोही. गहुंज्याने दोन्ही पाहिले आहे. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पोचवावे लागत होते. मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश निघाला. पुण्याच्या नव्या संघाला विशाखापट्टणम गाठावे लागले. २०१८ मध्ये चेन्नईचे सामने आले, तेव्हाही न्यायालयाने स्टेडियमसाठी पवनेचे पाणी उचलण्यास मनाई केली. पुढे कोविडने २०२२ च्या आयपीएलचे सगळे ७० साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आणून ठेवले. त्यातले १५ गहुंज्याला झाले. दुष्काळ, आंदोलन, साथ यांतली एकही गोष्ट कोणत्याही खजिनदाराच्या हातातली नव्हती.

म्हणून पहिला हक्क घेणेकऱ्यांचा. हे ऐकायला रुक्ष वाटते, पण छत्तीसगडमधल्या रायपूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. अभनपूरच्या शेजारी वसलेल्या नवा रायपूरमध्ये, परसदा इथे, २००८ मध्ये शहीद वीर नारायण सिंह स्टेडियम उभे राहिले. साठ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतील एवढे ते मोठे आहे. १ डिसेंबर २०२३ रोजी तिथे भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना झाला, तो प्रकाशझोतांना जनरेटर जोडून. २००९ पासूनचे विजेचे बिल ३ कोटी १६ लाखांवर गेले होते आणि जोडणी कधीच तोडली गेली होती. देखभाल बांधकाम खात्याकडे, बाकी खर्च क्रीडा खात्याकडे. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. दरम्यान आयपीएलचे सामने येऊन गेले, चॅम्पियन्स लीग झाली, जुन्या खेळाडूंची रोड सेफ्टी मालिका झाली. कार्यक्रम येत राहिले आणि बिल वाढत राहिले. येणाऱ्या प्रत्येक भाड्यातला ठरावीक वाटा आधी देखभालीच्या खात्यात टाकण्याचा साधा नियम असता, तर एवढ्या मोठ्या स्टेडियमवर ही वेळ आली नसती.

दुसरा हक्क मैदानावर राबणाऱ्यांचा. २०२२ चा हंगाम संपल्यावर क्रिकेट मंडळाने सहा मैदानांच्या क्युरेटर आणि ग्राउंड्समनसाठी सव्वा कोटी जाहीर केले. त्यात गहुंज्याच्या वाट्याला २५ लाख आले. एकाच मैदानावर लागोपाठ सामने खेळवायचे तर रात्री रोलर फिरवणारे, पावसात कव्हर ओढणारे हात दुप्पट राबतात. त्यांचा वाटा आधीच ठरलेला हवा, मंडळाच्या मर्जीवर सोडलेला नको.

मग प्राप्तिकराची कात्री येते. बहुतेक संघटना धर्मादाय संस्था म्हणून करसवलत घेतात. सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी स्थापन झालेल्या संस्थेची व्यावसायिक प्राप्ती एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांपुढे गेली, तर त्या वर्षाची सवलत धोक्यात येते. शिवाय उत्पन्नातले ८५ टक्के त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च करावे लागतात. या दुसऱ्या अटीपोटी मार्चमध्ये घाईघाईने खरेदी होते, आणि ती घाई अनावश्यक आहे. ठराव करून, नेमका हेतू लिहून रक्कम पाच वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची सोय कायद्यातच आहे. अवचित उत्पन्नासाठी याहून योग्य वाट नाही, कारण हेतू कागदावर लिहिला की सभासदांना त्याचा जाब विचारता येतो.

आणि हेतू कोणता असावा, हे विदर्भाने दाखवले आहे. जामठ्याचे स्टेडियमही २००८ चेच. पण विदर्भ क्रिकेट संघटना तेवढ्यावर थांबली नाही. तिने अकादमी उभारली, वयोगटांचे संघ घडवले, मुलांना वर्षभर प्रशिक्षण दिले. साठेक वर्षे रणजी खेळूनही करंडकाशिवाय राहिलेल्या विदर्भाने इंदूरमध्ये दिल्लीला हरवून २०१७-१८ चा करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आणला. या यशामागे इतरही कारणे आहेत, चंद्रकांत पंडित यांच्यासारखा प्रशिक्षक आणि वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज ही त्यातली ठळक. पण पैसा स्टेडियमच्या भिंतींपलीकडे गेला नसता, तर पंडितांच्या हाती घडवायला मुले कुठून आली असती?

रायपूरसमोर हाच प्रश्न आता आहे. छत्तीसगडच्या संघटनेला मंडळाचे पूर्ण सदस्यत्व २०१६ मध्ये मिळाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी याच परसद्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले शतक ठोकले. २०२५ च्या अखेरीस राज्य मंत्रिमंडळाने हे स्टेडियम दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने संघटनेकडे देण्याचा निर्णय घेतला. यापुढे सामने असोत की मैफली, येणारे भाडे आणि न भरलेले बिल, दोन्ही संघटनेच्याच नावावर असतील.

अभनपूर, राजिम, आरंग, धमतरी ही रायपूरभोवतीची गावे. इथली मुले मॅटिंगवर किंवा सिमेंटच्या पट्टीवर खेळून निवड चाचणीला जातात आणि हिरवळीच्या खेळपट्टीवर चेंडू कसा वळतो, हे त्यांना चाचणीतच कळते. खेळपट्टीला लागणारी चिकण माती या भागाला नवी नाही. कन्हार म्हणतात ती काळी माती भाताच्या शेतांत आहे. हवे आहेत रोलर, कव्हर, पाण्याची सोय आणि पगारावर नेमलेला एक शिकलेला माळी. अवचित आलेल्या पहिल्या भाड्याचा ठराव लिहिताना त्यात या गावांची नावे, रकमा आणि तारखा घालाव्यात आणि तो संकेतस्थळावर टाकावा. उन्हाळ्यात माती भरली तर पावसाळ्यात गवत धरते आणि दिवाळीनंतरच्या हंगामात त्यावर मुलांचे सामने लावता येतात.