उलटं बुजगावणं

सिन्नरहून वावीकडे निघालं की हिवाळ्यात हरभऱ्याच्या, ज्वारीच्या वावरात एखादं बुजगावणं अजून भेटतं. विटका सदरा, आडवी काठी, वर पालथं मडकं आणि त्यावर चुन्याचे डोळे. हल्ली जोडीला चकाकणाऱ्या फिती असतात, पण मडकं काही हटत नाही. पाखरानं येऊ नये म्हणून केलेली ही प्रतिमा. पाखरानं यावं म्हणून जी करतात, तिला मराठीत नेमका शब्द नाही. इंग्रजी 'डिकॉय'ला आपण आमिष म्हणून मोकळे होतो. पण आमिष खायचं असतं; हे नुसतं दिसायचं. मी आपला त्याला उलटं बुजगावणं म्हणतो.

अमेरिकेत नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ साली अशी अकरा बदकं सापडली. लव्हाळ्याच्या जुड्या वाकवून बांधलेलं अंग, वर रंग, बाजूंना खोचलेली पिसं. वय सुमारे दोन हजार वर्षं, तरी जात ओळखू येते: आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या लालसरीची ती चुलत बहीण.

पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी हीच बदकं लाकडात आणली. हलकं सीडार घ्यायचं, दोन भाग आतून पोखरून जोडायचे. डोकं निराळं कोरून बसवायचं. पोटाखाली शिशाचा तुकडा, म्हणजे लाटेनं कलंडलं तरी बदक पुन्हा सरळ होतं. रंग मात्र तकतकीत चालत नाही. ओलं लाकूड उन्हात चमकलं की वरून येणारा थवा बिचकतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे मान. ताठ मानेचं बदक म्हणजे धोक्याची सूचना. त्यामुळे बहुतेक बदकं खांद्यात मान घालून निवांत बसलेली कोरायची. बदक वाऱ्याला सामोरं उतरतं, म्हणून मांडणीत मधे उतरण्यापुरतं मोकळं पाणी सोडायचं.

मानेचं हे गणित नांदूरमधमेश्वरला गेल्यावर पटतं. गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजी अमदानीत बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यावर पाखरं जमली. १९८६ साली अभयारण्य झालं आणि पुढे राज्यातली पहिली रामसर पाणथळ. सिन्नरहून जेमतेम तासाभराची वाट. चापडगावच्या मनोऱ्यावरून एका सकाळी मी थापट्यांचा थवा बघत होतो. सगळ्यांच्या चोची पाठीत खुपसलेल्या, जणू पाण्यावर गोटे ठेवलेत. दलदल ससाणा दूरवर दिसला मात्र, पन्नास माना एकदम वर! लाकूड कोरणाऱ्याला हा क्षण पाठ असावा लागतो, आणि तो टाळून कोरावं लागतं.

१९१८ च्या कायद्यानं अमेरिकेत बदकांची बाजारू शिकार थांबली, पुढे प्लास्टिकची बदकं आली, आणि लाकडी बदक शिकाऱ्याच्या होडीतून दिवाणखान्यात गेलं. एल्मर क्रॉवेल या कारागिराच्या हातची दोन लाकडी पाखरं २००७ मध्ये प्रत्येकी अकरा लाख डॉलरच्या वर विकली गेली. अशा वस्तूंच्या दुरुस्तीचंही शास्त्र झालं. क्ष-किरणांत जुने खिळे दिसतात, अतिनील प्रकाशात मागाहून फासलेला रंग उघडा पडतो. मूळ रंगाचा टवका उडालेला असला तरी चालतो; त्यावर नवा हात फिरवला की किंमत कोसळते. छऱ्यांची भोकंसुद्धा बुजवायची की नाही यावर वाद घालतात.

आपल्याकडे लाकडाचं बदक कोणी कोरल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कारण आपल्याकडे मडकं होतं. तळ्यावर पालथी मडकी दोनचार दिवस तरंगत सोडायची. बदकं त्यांना सरावली की माणूस एक मडकं डोक्यावर घालून गळाभर पाण्यात शिरायचा आणि खालून एकेका बदकाचे पाय ओढायचा. हिंदुस्थानातल्या शिकारीवरच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत याची वर्णनं आहेत. वावरात जे मडकं पाखरं हाकलतं, तेच पाण्यात त्यांना फसवायचं.

माळावर हेच काम जिवंत पाखरू करी. फासेपारधी पाळलेला नर तितर मोकळ्यावर ठेवायचे आणि भोवती फाशांची रांग रोवायची. फास घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, कारण तो ताठ, उघडा राहतो. नंतर नायलॉन आलं. पाळीव तितर ओरडला की त्या टापूतला मालक तितर भांडायला धावून येतो आणि पाय अडकतो. युक्ती जुनीच. सिन्नरच्या गोंदेश्वराच्या कळसाखाली ज्यांनी राज्य केलं ते यादव आधी कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. त्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला, आणि त्यातल्या मृगयेच्या प्रकरणात माणसाळलेलं हरीण पुढे करून रानातली हरणं गाठण्याची रीत आहे. राजानं केलं तो विनोद, म्हणजे करमणूक; पारध्यानं केलं तो गुन्हा. १८७१ च्या कायद्यानं सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या यादीत पारधीही आले, आणि नाव निघायला १९५२ उजाडलं. मग १९७२ चा वन्यजीव कायदा. तो हवाच होता; पाखरं उरली ती त्यामुळे. पण क्रॉवेलचं बदक काचेच्या कपाटात आणि पारध्याचा फास मुद्देमालाच्या खोलीत, हे मला खटकतं. दोघांचं ज्ञान एकच होतं: पाखराला काय खरं वाटतं, हे ओळखणं.

त्या ज्ञानाला कुठे कुठे दुसरं काम मिळालंही. बिहारच्या पाखरं धरणाऱ्या मीरशिकार परंपरेतल्या अली हुसेन यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसाठी आपल्या पारंपरिक फाशांनीच पाखरं धरली, कडी घालून सोडून देण्यासाठी. अमेरिकेत मेनच्या एका बेटावरून पफिन नाहीसे झाले होते. तिथे १९७३ पासून पिल्लं नेऊन वाढवली, खडकांवर लाकडी पफिन मांडले, आणि १९८१ मध्ये खऱ्या जोड्यांनी घरटी केली. लाकडी पाखरानं शिकाऱ्याचं नव्हे, पाखराचं काम केलं.

इकडे अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर फासेपारधी गवताची रानं राखताहेत. तिथे तणमोर येतो. पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा बुडतो. ही उडी कुठल्या बांधाजवळ होईल, हे पूर्वी फास रोवण्यासाठी माहीत असावं लागे.